वाईट दिवसाचा फोन

गेल्या वर्षी श्रावणात एका रात्री बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि डोक्याला खोक पडली. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? कोणती?" चालू होती. मला नाव आठवेना; आईला पाकिटाचा रंग तेवढा आठवत होता. बाबांनी स्वतःच्या फोनमध्ये गोळ्यांची यादी लिहून ठेवलेली होती, सकाळ-संध्याकाळच्या वेळांसकट. तो फोन माझ्या हातात होता आणि लॉक होता. बोट ओलं असल्याने सेन्सर ते ओळखेना, आणि पिन सांगण्याच्या अवस्थेत बाबा नव्हते. शेवटी शेजारच्या काकूंनी आमचं घर उघडून औषधांच्या डब्याचा फोटो काढून पाठवला. चाळीसेक मिनिटं त्यात गेली.

बाबा बरे झाले. नंतर मी त्यांचा फोन घेऊन बसलो तेव्हा दिसलं की ही यादी लॉक न उघडताही दिसावी अशी सोय त्या फोनमध्ये पहिल्या दिवसापासून होती. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षितता आणि आणीबाणीचा भाग असतो. तिथे रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं आणि घरच्यांचे नंबर भरता येतात. लॉक पडद्यावरच्या 'इमर्जन्सी'वर बोट ठेवलं की ते कुणालाही वाचता येतात. आयफोनमध्ये हेच काम 'हेल्थ' ॲपमधला 'मेडिकल आयडी' करतो. फक्त 'लॉक असताना दाखवा' हा पर्याय चालू हवा. पाच मिनिटांचं काम होतं आणि ते आमच्यापैकी कुणीही केलेलं नव्हतं.

तेव्हापासून फोनच्या युक्त्या सांगणारं काहीही वाचताना मी एकच कसोटी लावतो. रेंज नाही, चार्जिंग दहा टक्क्यांवर आलंय, फोन हरवलाय, चष्मा सापडत नाही किंवा माणूस घाबरलेला आहे, अशा वेळी ही युक्ती कामाला येईल का? या कसोटीवर बहुसंख्य युक्त्या गळून पडतात. पडद्याची सजावट, छुपे कोड, 'फोन फास्ट करणारी' ॲप यांतलं काही त्या रात्री उपयोगाचं नव्हतं. उरतात त्या थोड्या युक्त्या, आणि त्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत. या लेखात त्यांचाच आढावा घेतो आहे.

सुरुवात बॅटरीपासून करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज तिच्याविषयी आहेत. 'पूर्ण उतरू दे, मग पूर्ण चार्ज कर' हा सल्ला अजून घरोघरी दिला जातो. तो निकेल-कॅडमियमच्या जुन्या बॅटऱ्यांसाठी ठीक होता. आपल्या खिशातली बॅटरी लिथियम-आयनची आहे. सोनीने ती १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणली, आणि तिच्या जडणघडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही बॅटरी पूर्ण उतरवल्याने सुधारत नाही, उलट झिजते. तिचे शत्रू दोन: उष्णता आणि फार काळ शंभर टक्क्यांवर राहणं. दोन्हीमुळे आतल्या ग्राफाइटवर नको त्या रसायनांचा थर चढत जातो आणि वापरता येण्याजोगं लिथियम त्यात अडकून पडतं. दोन वर्षांनी 'बॅटरी गेली' असं आपण म्हणतो, तेव्हा बहुधा हेच झालेलं असतं.

म्हणून वीस ते ऐंशी टक्क्यांच्या दरम्यान राहणं बॅटरीला मानवतं. हे लक्षात ठेवत बसायची गरज नाही. आयफोन १५ पासून पुढे ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग आहे. सॅमसंग आणि पिक्सेलच्या अलीकडच्या फोनमध्येही तशीच सोय मिळते. ज्या दिवशी प्रवास असेल त्या दिवशी ती बंद करायची, एरवी चालू ठेवायची. उष्णतेचं मात्र आपल्यालाच पाहावं लागतं. ॲपलने आपल्या फोनसाठी भोवतालचं तापमान शून्य ते पस्तीस अंश असावं असं सांगितलं आहे. मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याला पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तिथे मोटरसायकलच्या हँडलवर उन्हात लावलेला, नकाशा चालू असलेला आणि वर चार्जिंगलाही जोडलेला फोन एका तासात किती सोसत असेल याचा विचार करा. रात्री उशीखाली ठेवून चार्ज केलेल्या फोनचंही तेच. जाड कव्हर काढून, फरशीवर किंवा लाकडी टेबलावर ठेवून चार्ज करणं ही साधी सवय महागड्या चार्जरपेक्षा जास्त आयुष्य वाढवते.

डार्क मोडने बॅटरी वाचते का, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. उत्तर पडद्याच्या जातीवर आहे. ओएलईडी पडद्यात काळा भाग म्हणजे विझलेला भाग, म्हणून तिथे बचत होते. एलसीडीत मागचा दिवा सतत जळतच असतो, त्यामुळे फरक पडत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये ओएलईडी फोनवर मोजणी केली. पडद्याचा उजेड तीस ते पन्नास टक्क्यांवर असेल तर डार्क मोडची बचत ३ ते ९ टक्के भरली, आणि उजेड पूर्ण असेल तर ३९ ते ४७ टक्के. म्हणजे भर उन्हात डार्क मोड खरोखर उपयोगी पडतो. संध्याकाळी घरात बसून त्याची फारशी मदत होत नाही, तिथे उजेड कमी करणंच बरं. आणि दर दोन मिनिटांनी सगळी ॲप सरकवून बंद करायची सवय असेल तर ती सोडून द्यावी. थांबलेलं ॲप जवळजवळ काही खात नाही. ते पुन्हा पहिल्यापासून उघडायला फोनला जास्त कष्ट पडतात.

बॅटरी सर्वांत वेगाने उतरते ती रेंज नसलेल्या ठिकाणी. घाटात, दरीत, तळघरातल्या पार्किंगमध्ये फोन टॉवर शोधत राहतो आणि त्यासाठी पूर्ण ताकद लावतो. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे अनुभवाने ठाऊक असतं: सकाळी भरलेला फोन खिशात पडल्या पडल्या दुपारी अर्ध्यावर येतो. उपाय साधा आहे. रेंज नाही हे दिसलं की एअरप्लेन मोड लावायचा. पुष्कळांना वाटतं की त्याने जीपीएसही बंद होतं. आजच्या फोनमध्ये तसं होत नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटरवरून संकेत पाठवत असतात आणि आपला फोन तो फक्त ऐकतो. त्याला टॉवर लागत नाही, डेटाही लागत नाही. लागतो तो नकाशा. तो आधी उतरवून घेतला तर रेंज नसलेल्या पठारावरही आपण कुठे उभे आहोत हे निळ्या ठिपक्यावरून कळतं.

गुगल मॅप्समध्ये हव्या त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवता येतो. गाडीरस्त्यांसाठी तो पुरतो. पायवाटांसाठी मी ओपनस्ट्रीटमॅपवर आधारलेली ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसमँड ही ॲप वापरतो. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून काढलेला जगाचा नकाशा आहे. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये तो सुरू झाला, आणि त्यात सह्याद्रीतल्या कितीतरी वाटा, टाकी आणि खिंडी भटक्यांनी स्वतः चालून नोंदवलेल्या आहेत. एक काळजी घ्यायची: पायथ्याच्या गावात रेंज असतानाच एकदा नकाशा उघडून ठिपका स्थिर होऊ द्यावा. इंटरनेट असेल तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला आयती मिळते. नसेल तर ती आकाशातून गोळा करायला काही मिनिटं जातात. आणि नकाशात वाट दिसते म्हणून पावसाळ्यात ती चालण्याजोगी आहे असं मुळीच समजू नये. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय वर चढू नये.

रेंजविना चालणाऱ्या गोष्टींमध्ये मुंबईकरांचं एम-इंडिकेटर मला आदर्श वाटतं. सचिन टेके यांनी २०१० मध्ये आणलेल्या या ॲपमध्ये लोकलचं वेळापत्रक फोनमध्येच साठवलेलं असतं, त्यामुळे गर्दीत नेट रखडलं तरी पुढची ठाणे फास्ट किती वाजता हे दिसतं. चांगल्या ॲपची माझी व्याख्या अशीच आहे: मूळ काम नेटशिवाय झालं पाहिजे. घरात रेंज येत नाही पण वायफाय आहे अशी तक्रार असेल, तर सिमच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करावं. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या डिसेंबरपासून मिळू लागली. जुन्या दगडी वाड्यांत आणि आतल्या खोल्यांत तिने फार फरक पडतो, तरी अनेकांच्या फोनमध्ये ती बंदच असते.

शेतावर काम करणाऱ्यांसाठी आणखी एक नाव घेतलंच पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेने केलेलं 'दामिनी' ॲप तुमच्या जागेभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या वर्तुळात वीज पडते आहे का हे दाखवतं आणि सूचना देतं. त्याला लोकेशन आणि डेटा दोन्ही चालू लागतात, म्हणजे ते रेंजविना चालत नाही. तरीही मराठवाडा आणि विदर्भात उन्हाळ्याअखेर, पेरणीच्या तोंडावर, दरवर्षी विजेने माणसं आणि जनावरं जातात. त्या दिवसांत ज्याच्या घरी एकच स्मार्टफोन आहे, त्याने तो शेतात जाणाऱ्याजवळ द्यावा असं मला कळकळीने वाटतं.

आता भाषेकडे येतो. मराठी माणूस फोनचा सर्वांत कमी वापर कुठे करून घेत असेल तर तो इथे. पुष्कळ जण अजून रोमन अक्षरांत मराठी लिहितात, कारण देवनागरीत टाइप करणं अवघड आहे ही जुनी समजूत. ती खरी होती तेव्हा खरी होती. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टच्या काळात प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा आणि एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की चौकोन दिसायचे. देवनागरी १९९१ मध्येच युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत आली होती. आपल्या खिशात ती यायला बराच उशीर झाला. आता गुगलच्या जीबोर्डवर मराठी तीन तऱ्हांनी लिहिता येतं. रोमन अक्षरं टाइप करून देवनागरी मिळवता येते, थेट देवनागरी कळा वापरता येतात, आणि पडद्यावर बोटाने लिहिलेलं अक्षरही ओळखलं जातं. हा तिसरा मार्ग वयस्कर माणसांना पटकन जमतो, कारण त्यांचं वळण आधीच घोटलेलं असतं. आयआयटी मुंबईत तयार झालेला 'स्वरचक्र' कीबोर्डही इथे आठवतो. व्यंजनावर बोट दाबलं की त्याची बाराखडी चक्रासारखी भोवती उमलते. आपल्या लिपीच्या स्वभावातून निघालेली ती कल्पना आहे आणि तिला आणखी लोकाश्रय मिळायला हवा होता.

पण सर्वांत मोठी सोय बोलून लिहिण्याची. गुगलने ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीसह आठ भारतीय भाषा आवाजाने टाइप करण्याच्या यादीत घातल्या. जीबोर्डवरच्या माइकवर बोट ठेवून सावकाश, पूर्ण वाक्यात बोललं तर अक्षरं चांगली उतरतात. विरामचिन्हं मी नंतर हाताने घालतो. तुटक बोललं, मध्ये इंग्रजी शब्द पेरले की चुका वाढतात. माझी मावशी चौथीपर्यंत शिकलेली आहे. लिहायचं म्हटलं की तिचा हात अडखळतो, पण आता ती भाजीवाल्याची उधारी, भिशीचा हिशोब आणि नातवाला पत्र असं सगळं बोलून लिहिते. तिच्या फोनची किंमत माझ्या फोनच्या पावपट असेल. कामं ती त्याच्याकडून माझ्यापेक्षा जास्त करून घेते.

इथे एक बारीक गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्यामुळे लोकांचे नंबर आणि नोंदी 'हरवतात'. युनिकोडमध्ये काही मराठी अक्षरं दोन तऱ्हांनी लिहिली जातात आणि डोळ्यांना सारखीच दिसतात. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये युनिकोडमध्ये आलं. त्याआधी अ वर अर्धचंद्र देऊन 'अॅ' लिहीत आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच लिहितात. तीच गत 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतल्या अर्ध्या र ची. तो कुणी 'ऱ' वापरून लिहितं, कुणी साध्या र चा पाय मोडून आणि मध्ये न दिसणारा जोड घालून लिहितं. आपण 'ॲडव्होकेट' म्हणून नाव साठवलं एका तऱ्हेने आणि शोधलं दुसऱ्या तऱ्हेने, तर फोन 'सापडलं नाही' म्हणू शकतो. म्हणून अशा नावांशेजारी आणखी एक साधा शब्द टाकून ठेवावा: वकील, वायरमन, दूधवाले, गावाचं नाव. माझ्या फोनमध्ये प्रत्येक कामाच्या माणसाच्या नावाआधी कामच लिहिलेलं असतं. घाईत नाव आठवत नाही, काम आठवतं.

अक्षरांच्या वळणाचंही थोडं सांगतो. मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या घडणीचे आहेत, आणि महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयात ही वळणं प्रमाण म्हणून दिली आहेत. काही चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही घडणी असतात आणि मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवली की मराठी वळण आपोआप येतं. म्हणून लग्नपत्रिका, अर्ज, अहवाल टाइप करताना भाषेच्या सेटिंगमध्ये हिंदी राहू देऊ नये. छोटी गोष्ट आहे, पण आपली अक्षरं आपल्यासारखी दिसावीत अशी इच्छा धरण्यात काही गैर नाही.

भाषेच्या कपाटातलं बाकीचं भांडवल तर फुकटच आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही तिथेच आहे. मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे. फोनच्या ब्राउझरमध्ये ही तीन पानं बुकमार्क करून पहिल्या पडद्यावर आणून ठेवली की 'हा शब्द आजी वापरायची, अर्थ काय?' हा प्रश्न जेवणाच्या ताटावरच सुटतो. अमेरिकेत वाढणाऱ्या माझ्या भाचीला मोल्सवर्थचा असा नाद लागला आहे की ती मलाच शब्द विचारून अडवते.

कागदपत्रांचं आता सोपं झालं आहे, तरी एक फरक लोक विसरतात. डिजिलॉकर १ जुलै २०१५ ला सुरू झालं. त्यात सरकारी खात्याने थेट दिलेला कागद आणि आपण फोटो काढून चढवलेला कागद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला नियमानुसार मूळ कागदासारखा धरला जातो; दुसरा फक्त आपल्या सोयीचा. गाडीचं लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये 'इश्यूड' भागात असेल तर पोलिसांना दाखवायला ते चालतं, स्क्रीनशॉट चालेलच असं नाही. सातबाराचंही तसंच. महाभूमीच्या पोर्टलवर पंधरा रुपयांत मिळणारा डिजिटल सहीचा उतारा कामाला येतो; फुकट दिसणारा, बिनसहीचा उतारा केवळ माहितीसाठी असतो. बँकेच्या दारात जाऊन हा फरक कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. आणि हे सगळे कागद एकदा फोनमध्येच उतरवून ठेवावेत, कारण रेंज नेमकी कचेरीतच जाते.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. एवढं एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असलं तर निम्मी फसवणूक दारातच थांबेल असं मला वाटतं. दुसरी गोष्ट यूपीआय लाइट, जे सप्टेंबर २०२२ पासून आहे. त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते आणि एका वेळी हजार रुपयांपर्यंतची देवघेव पिनविना होते. चहा, रिक्षा, भाजी यांच्या फुटकळ नोंदींनी पासबुक भरत नाही. शिवाय ओळखीची नसलेली मोठी नोंद लगेच डोळ्यांत भरते, आणि मला हा फायदा जास्त मोलाचा वाटतो. फसवणूक झालीच तर लाजत बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पैसा पुढच्या खात्यांत पसरायच्या आत अडवता येतो, म्हणून पहिला तास मोलाचा.

मुलं परगावी, आईवडील घरी, आणि फोन अडला: हा आता घरोघरचा प्रसंग. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये ऑगस्ट २०२३ पासून पडदा दाखवता येतो, त्यामुळे 'डावीकडे काय दिसतंय, आई?' असं अर्धा तास विचारायची गरज उरली नाही. मात्र हीच सोय ठगही वापरतात. पडदा पाहणाऱ्या ॲपच्या आडून खाती रिकामी होतात याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच दिली होती. आमच्या घरात नियम आहे: पडदा दाखवायचा तो फक्त आपण स्वतः लावलेल्या कॉलवर, आणि तो चालू असताना बँकेचं कुठलंही ॲप उघडायचं नाही.

फोन हरवण्याची तयारी फोन हातात असतानाच करायची असते. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. तो वहीत लिहून ठेवावा, कारण चोरीनंतर 'संचार साथी' पोर्टलवर फोन बंद करवून घ्यायला तोच लागतो. मे २०२३ पासून ही सोय देशभर आहे. आपल्या नावावर किती सिमकार्ड चालू आहेत हेही तिथेच दिसतं. एकदा पाहून घ्यावं, अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतं. सिमलाही पिन लावता येतो, आणि फार थोडे लोक तो लावतात. चोराने सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात, हे लक्षात आलं की तो का लावावा ते वेगळं सांगायला नको.

फोन गेल्याचं दुःख फोटोंसाठी जास्त असतं. गुगलची फोटोंसाठीची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून संपली; आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून पंधरा जीबी. २०२४ पासून अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच मोजला जाऊ लागला. म्हणून जागा भरते आणि बॅकअप गुपचूप थांबतो. आपल्याला ते कळतं फोन पाण्यात पडल्यावर. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करणं आणि स्टोरेजच्या पानावरून मोठ्या फायली महिन्यातून एकदा काढणं, एवढ्याने बहुतेक 'स्टोरेज फुल'चे आजार बरे होतात. जपायचे ते फोटो मात्र तीन ठिकाणी असावेत: फोन, ऑनलाइन, आणि घरातली एखादी हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह. कोकणात समुद्राकाठच्या दमट हवेत पेनड्राइव्ह फार काळ विश्वासाचा राहत नाही, असा माझा अनुभव. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर, तो उघडून पाहावा.

आवाजाचं जतन लोक विसरतातच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे हजार फोटो असतात आणि त्यांचं बोलणं कुठेच नसतं. फोनमधला साधा रेकॉर्डर चालू करून जात्यावरच्या ओव्या, गावच्या दुष्काळाची गोष्ट, लोणच्याचं प्रमाण, काहीही विचारावं. फाइलला लगेच नाव द्यावं: कोण, कुठे, कोणत्या तारखेला. नाव न दिलेली फाइल वर्षभरात निनावी आकड्यांच्या गर्दीत हरवते. पंखा बंद करून फोन हातभर अंतरावर, दुमडलेल्या टॉवेलवर ठेवला तर आवाज चांगला येतो.

डोळे आणि कान थकलेल्यांसाठी फोनमध्ये जे आहे ते 'अपंगांसाठी' अशा पाटीखाली दडलेलं असतं, म्हणून बाकीचे तिकडे फिरकत नाहीत. अक्षरं मोठी करणं, पडद्यावरचा मराठी मजकूर वाचून घेणं, समोरच्याचं बोलणं अक्षरांत दाखवणारं 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' या सोयी चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही उपयोगी आहेत. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांसमोर फोन ठेवून आपण बोललो आणि ते वाचून उत्तर देऊ लागले की घरातलं ओरडून बोलणं थांबतं. ओरडून बोललेलं माणसाला रागावल्यासारखं वाटतं, ते दुःखही थांबतं.

लक्ष विचलित होण्यावर खूप लिहिलं गेलं आहे, म्हणून थोडक्यात. पडदा करडा करणं, वेळेची मर्यादा घालणं हे सगळं मी करून पाहिलं. टिकली ती एकच गोष्ट: माणसांचे फोन आणि मेसेज सोडून बाकी सर्व ॲपच्या सूचना बंद. त्याचा वाईट दिवसाशीही संबंध आहे. दिवसभर उगीच वाजणाऱ्या फोनकडे माणूस लक्ष द्यायचं सोडून देतो, आणि मग खरी हाक ऐकू येत नाही.

एक नाजूक काम उरतं. आपण गेल्यावर आपल्या खात्यांचं काय? गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला त्यातलं आपण ठरवलेलं मिळतं. ॲपलमध्ये २०२१ च्या अखेरीपासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' नेमता येतो. आपल्याकडे हे बोलणं अशुभ मानतात. पण एलआयसीच्या फॉर्मवर वारस लिहिताना कुणी अडखळत नाही, आणि आज घरातले सगळे फोटो, निम्मे कागद आणि कितीतरी बिलं या खात्यांमागेच असतात.

या दिवाळीत मी घरातले सगळे फोन घेऊन बसलो आणि आणीबाणीची पानं भरली. बाबांचं पान शेवटी. गोळीचं नाव इंग्रजीत, वेळ मराठीत, असं त्यांनी ठरवलं. डॉक्टरांना एक कळायला हवं आणि आईला दुसरं. रक्तगट, ॲलर्जी, माझा नंबर, काकूंचा नंबर झाला. त्या पानावर खाली अवयवदानाचाही रकाना असतो. मी तो ओलांडून पुढे जाणार होतो. बाबांनी हात धरला, चष्मा लावून तो पुन्हा वाचला, आणि आत स्वयंपाकघरात जाऊन आईशी काही बोलून आले.

"हो लिही," म्हणाले.